सातव्या नंबरचं गाणं

सुरेंद्रने बटण दाबून कॅसेट बाहेर काढली, तसा मागच्या सीटवरून कॉलिनसाहेबाचा लांब हात पुढे आला आणि त्याने ती पुन्हा आत ढकलली.

"एक बार और," साहेब म्हणाला. मोहर्लीत येऊन तो एवढंच हिंदी शिकला होता.

दात आवळत सुरेंद्रने जिप्सी रस्त्यावर घेतली. साहेब ही कॅसेट घेऊन आल्यापासून जाता-येता हेच एक गाणं. कसलंसं यंत्र टिणटिण वाजायचं आणि एक पोरगा गळा काढून कोणाला तरी परत बोलवायचा. जंगलात टेप बंद ठेवावा लागे, ही वनखात्याचीच कृपा.

शेजारी बसलेल्या सोमाजी गाइडने कपाळाला हात लावला. "काऊन लावते गा सकाळी सकाळी?"

"मी लावून राह्यलो का? सांग ना त्याले. इंग्रजी तुले येते."

सोमाजीने पहिल्याच दिवशी सांगून पाहिलं होतं. तेव्हा साहेबाने कॅसेटच्या कव्हरवर, डोळ्यांवर केस आलेल्या एका देखण्या पोराच्या फोटोवर बोट ठेवलं आणि मग स्वतःच्या छातीवर. १९८२ साली इंग्लंडात सगळ्यात जास्त खपलेल्या गाण्यांत हे सातव्या नंबरवर होतं म्हणे. पुढचं गाणं कितव्या नंबरवर गेलं, हा सोमाजीचा प्रश्न साहेबाला ऐकू आला नाही. हीच कथा त्याने रिसॉर्टच्या मॅनेजरला सांगितली, माळ्याला सांगितली, स्वयंपाक करणाऱ्या रीताबाईलाही सांगितली. त्याचं टक्कल बघून ती पदराआड हसली होती.

जंगलाच्या गेटवर गाड्यांची रांग होती. पुढच्या जिप्सीतली एक गोरी बाई गाणं ऐकताच वळली, खाली उतरली आणि गात गातच यांच्याकडे आली. एक शब्द चुकत नव्हता. आता हा आणखी फुगणार, सुरेंद्रच्या मनात आलं.

बाई सोमाजीशी भरभरून बोलली. त्याने सुरेंद्रकडे झुकून सांगितलं, "शाळेत होती तवा याचा फोटो खाटेवर लावून ठेवे म्हणते. लय रडली म्हणते याच्यासाठी."

सुरेंद्रने मागे पाहिलं. सांग आता. माळ्यालाही सोडलं नाहीस, हिला सांग.

साहेबाने टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि तो दोन शब्द बोलला.

"काय म्हणते?"

"कॅसेट ड्रायव्हरची आहे म्हणते."

सुरेंद्रच्या डोक्यात तिडीक गेली. खरं काय ते ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात आरशात त्याला साहेब दिसला. दोन्ही हात गुडघ्यांत धरून, मान खाली घालून, दवाखान्याबाहेर नंबर लागायची वाट बघणाऱ्या माणसासारखा तो बसला होता.

"यस मॅडम," सुरेंद्र म्हणाला. "माय कॅसेट. व्हेरी गुड साँग."

बाई आनंदली. मग जरा थांबून, आवाज खाली आणून तिने काहीतरी विचारलं.

"तो गाणारा जिता आहे का म्हणते," सोमाजी म्हणाला. "पुढं त्याचं काही कानावरच आलं नाई म्हणते."

गेट उघडलं. पुढच्या गाड्या हलू लागल्या. सुरेंद्रने टेप बंद केला आणि गाडी चालू केली.

"सांग तिले," तो म्हणाला, "लय मोठा माणूस झाला म्हणा तो. टाइमच नाई त्याले."

सोमाजीने एकदा मागच्या सीटकडे पाहिलं, घसा साफ केला आणि तिला इंग्रजीत सांगू लागला.