डावीकडचे ठिपके

दादाच्या गाडीचा टर्बो गेला तेव्हा दादाच्या डाव्या पायातला जोर अर्धा गेलेला होता. डॉक्टरांनी आम्हाला सरळच सांगितलं होतं. आधी हा पाय सुकणार, मग दुसरा, मग हात. थांबवायला औषध नाही. दादाने खुर्चीतून उठायच्या आधी विचारलं, "गाडी कधीपर्यंत चालवता येईल?"

"खरं सांगू? आत्ताच सोडा."

दादाने मान हलवली. घरी येताना मला म्हणाला, "टर्बो बघ दुसरा. टेकडीवर एकदा मी नेणार. स्वतः. मग सोडतो."

वहिनी मागे बसली होती. 

मग मी मॅप घेऊन बसलो. यातलं मी कुठे शिकलेलो नाही. व्हिडिओ बघून आणि जळालेले टर्बो खोलून जे आलं ते आलं. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा; त्याचा कॉम्प्रेसर मॅप म्हणजे एक कागद. आडवं मोजायचं हवा किती, उभं मोजायचं दाब किती. मधे वलयं, कांदा कापल्यासारखी. मधल्या वलयात टर्बो खूश. फार उजवीकडे गेलात की त्याचा दम संपतो. डावीकडे एक तिरकी रेघ असते. तिच्या पलीकडे हवा उलटी फिरते, टर्बो फडफडतो, बेअरिंगची वाट लागते. आपलं इंजिन किती फेऱ्यांना किती हवा ओढतं ते काढायचं, मॅपवर ठिपके द्यायचे. ज्याच्या वलयांत ठिपके बसतील तो टर्बो घ्यायचा. एवढंच. एवढंच म्हणतोय, पण डोक्याचा भुगा होतो.

जुने पार्ट विकणाऱ्याकडे दोन होते. एक मोठा, एक बारका. मोठ्याच्या मॅपवर माझे ठिपके असे बसले की मी स्वतःचीच पाठ थोपटली. दादा गाडी कशी चालवतो ते मला तोंडपाठ होतं. फेऱ्यांची सुई लाल पट्टीला टेकवायची, मगच गियर बदलायचा. आई शेजारी बसली की पूर्ण रस्ता डोळे मिटून घ्यायची.

"या प्रोफेसर," दादा म्हणाला. जेवणाच्या टेबलावर त्याने जागा केली. "दाखवा काय उजेड पाडलाय."

मी कागद पसरला. त्याने ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"मस्त आहे. पण ही गाडी चालवतंय कोण?"

"म्हणजे? तू."

"साडेसहा हजारावर मी नेतोय?"

"नेतोस की."

"नेत होतो." त्याने पेन्सिल उचलली. "क्लच दाबताना हल्ली मी काय करतो, बघितलंयस ना?"

बघितलं होतं. हाताने गुडघा खाली ढकलतो.

"मग दर वळणाला गियर काय बदलणार मी, डोंबल? एकदा तिसऱ्यात टाकणार आणि तिसऱ्यातच वर. सुई अडीच हजारावर. तीन, डोक्यावरून पाणी. तिथली हवा काढ."

"दादा, तेवढ्यासाठी कोणी टर्बो निवडत नाही."

"मी निवडतोय ना. आकडे सांग."

मी आकडे सांगत गेलो, तो ठिपके देत गेला. पेन्सिल थोडी थरथरत होती, त्यामुळे ठिपके जरा मोठेच पडले. सगळे तिरक्या रेघेच्या डावीकडे. एकही आत नाही.

"याचा अर्थ?"

"एक तर टर्बो जागाच होणार नाही. झालाच तर फडफडेल."

"म्हणजे माझ्यावर गेलाय." तो हसला. 

वहिनी चहा घेऊन आली. कागद बघून म्हणाली, "हे काय, गोवर आलाय का याला?"

"मी आहे तो," दादा म्हणाला. "ते उजवीकडच्या ठिपक्यांतलं पोरगं याने कुठून आणलं कोण जाणे."

वहिनीला मॅपमधलं काही कळत नाही. पण तिने कप खाली ठेवला. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून मला म्हणाली, "भावजी, ते म्हणतात तसं करा."

बारक्याच्या मॅपवर तेच ठिपके अगदी मधल्या वलयात पडले. मी शेवटचं बोलून बघितलं. "पाच हजाराच्या वर हा दम टाकणार, दादा."

"तिथे कोण जातंय आता."

बारका बसवला. रविवारी सकाळी, रस्ता रिकामा असताना टेकडीकडे निघालो, गाडी दादाच्या हातात. पहिला, दुसरा, प्रत्येक वेळी गुडघ्यावर हात, दात आवळलेले. एकदा तिसरा पडला आणि मग त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर घेतले. सुई अडीच हजार. गाडी ओढत होती, एका दमात, वळणावळणाला. नंतर त्याला क्लच लागलाच नाही. कुठल्या वळणाला गाडी बाहेर घ्यायची आणि कुठे आत, ते त्याच्या हातांना अजून माहीत होतं. तो तोंडाने काहीतरी गुणगुणत होता. मागे वहिनी रडत होती आणि ते त्याला कळू नये म्हणून नाक शिंकरत नव्हती.

वर सपाटीवर त्याने गाडी थांबवली. 

"उतरताना सारखा क्लच लागणार," तो म्हणाला. "ये तू इकडे."

त्याला उचलून पलीकडे बसवताना तो मला हलका लागला.

खाली सरळ रस्ता लागल्यावर म्हणाला, "दाब." मी दाबलं. पाच हजारापर्यंत ठीक. मग सुई चढत राहिली, ओढ मात्र संपली.

"संपला?"

"संपला."

"बरं. घे हळू."

घरापुढे गाडी लावली. वहिनी उतरली, त्याच्या बाजूचं दार उघडून उभी राहिली. मी किल्लीला हात लावला.

"बंद करू नको लगेच," दादा म्हणाला. "टर्बो तापलाय. जरा थंड होऊ दे."

इतकं हळू आल्यावर थंड करायला काही उरलेलं नसतं. ते त्याला माझ्याआधीपासून माहीत आहे. मी इंजिन चालू ठेवलं. वहिनीने दार अलगद लोटलं आणि ती बाहेरच थांबली.