थंडीतही फिरणारा पंखा

मित्रांनो, मी एक जुना टेबलपंखा आहे. रंगाचे टवके उडालेत, मान डावीकडे अडकते आणि हल्ली वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करतो. पण कारखान्यातून या घरी आलो तेव्हा माझा काय रुबाब होता! दोघी चिमुरड्या बहिणी माझ्यासमोर तोंड उघडून 'आऽऽ' करायच्या आणि आपलाच थरथरता आवाज ऐकून खिदळायच्या.

पुढे त्यांची आई मला ऐन थंडीतही लावू लागली. वय अवघं चौतीस. पोळ्या लाटता लाटता लालबुंद व्हायची, घामाने न्हायची. पाळी कायमची थांबली होती. "सूनबाईंना बर्फाच्या मुलखातच द्यायला हवं होतं," सासूबाई टोमणा मारायच्या. आई पित्ताचं निमित्त सांगायची आणि कुणाला संशय नको म्हणून दर महिन्याला पॅडचं पाकीट आणून कपाटात दिसेलसं ठेवायची.

मुली मोठ्या झाल्या, मी माळ्यावर गेलो. किती वर्षं कुणी फडकंही फिरवलं नाही.

परवा थोरलीने मला खाली काढलं. मूल हवं म्हणून ती दवाखान्याच्या खेपा घालत होती. घरात कुणाची पाळी लवकर गेली का, असं डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं, तेव्हा आईने बेधडक सांगितलं, "माझी पन्नाशीला गेली." आता रक्ताचा अहवाल आला होता. जनुकातला दोष, पिढीतून पिढीत उतरणारा. एकोणतिसाव्या वर्षीच थोरलीची अंडाशयं थकली होती.

थोरली माझ्यासमोर घामाने निथळत बसली. आईने तो घाम ओळखला आणि तिच्याजवळ येऊन बसली.

"माझी चौतिसाव्या वर्षीच गेली गं. सांगायची लाज वाटली."

थोरली म्हणाली, "माझं जे व्हायचं ते झालं, आई. धाकटीला सांग. तिच्यातही हा दोष असेल, तर तिची स्त्रीबीजं अजून गोठवून राखून ठेवता येतील."

"तिचं लग्न ठरतंय. त्या लोकांना कळलं तर?"

"आणि उशीर झाला तर?"

आईने फोन हातात घेतला. माझ्या घरघरीत धाकटीला ऐकू जाणार नाही म्हणून तिने मला बंद केलं. दोघींच्या कपाळावरून घामाच्या धारा वाहत होत्या. फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. आईने पुन्हा लावला.

मित्रांनो, मला माळ्यावर टाका, भंगारात द्या, माझी तक्रार नाही. पण आपल्या आईला, मावशीला, आत्याला आजारपणाचं खरंखरं विचारा. आणि त्या सांगतील तेव्हा हसू नका.