बेरिलचा उपास

सकाळी साडेनऊच्या सुमारास ऊन मागच्या अंगणातल्या पत्र्यावरून घसरत खाली यायचं. आधी वाळक्या ओंडक्यावर, मग लाकडी पेटीच्या तोंडाशी, आणि मग त्या पेटीतून बेरिल बाहेर यायची. एकदम नाही. आधी नुसतं नाक. मग बराच वेळ काहीच नाही. मेरिन स्वयंपाकघराच्या खिडकीशी विनीला छातीशी धरून उभी असायची. विनीचं दूध पिऊन व्हायचं, ढेकर निघायची, ती झोपूनही जायची, तरी बेरिलचं अजून निम्मंच अंग उन्हात आलेलं असायचं. दहा आठवड्यांच्या बाळाच्या आईला इतका सावकाश चालणारा सोबती दुसरा कुठे मिळणार?

बेरिल हा मेरिनच्या वडिलांनी, नेविलनी, पाळलेला अजगर. म्हणजे मादी. सव्वादोन मीटर लांब, काळंभोर अंग आणि त्यावर सायीच्या रंगाची बारीक बारीक फुलं. नेविल राहायचे खाली समुद्रकाठी. तिथे त्यांनी जुना पोपटांचा पिंजरा तिच्यासाठी दुरुस्त केला होता आणि गेली एकोणीस वर्षं, उन्हाळा असो की हिवाळा, ती उघड्यावरच राहत आली होती. "घरात कोंडून ठेवायला ती काय सोफा आहे?" असं ते विचारत. मार्चमध्ये ते शिडीवरून पडले, खुबा मोडला, आणि त्यांची रवानगी झाली किनाऱ्यावरच्याच एका रुग्णालयात, पुन्हा चालायला शिकायला. बेरिल, पिंजरा, ओंडका आणि पेटी असं सगळं बिऱ्हाड ड्युगलच्या गाडीतून गुलबर्नच्या पुढे, पठारावर, मेरिनच्या घरी आलं. ड्युगल मेरिनचा नवरा. समोरच्या डोंगरधारेवर पवनचक्क्या होत्या, त्यांच्या देखभालीचं काम तो करायचा. धुकं असलं की चक्क्यांचे खांब दिसायचे नाहीत. नुसती पांढरी पाती आभाळात सावकाश फिरत असायची, कुणीतरी झोपेत हात हलवावा तशी.

नेविलनी जाताना एकच नियम घालून दिला होता. "ॲन्झॅक डेचं बिस्किट मी खाल्लं की बेरिलचा उपास सुरू. हिवाळा सरून सप्टेंबर येईपर्यंत काही नाही. पाणी, ऊन आणि दुपारी दोन तास उबेचा दिवा. बस." एप्रिलच्या पंचवीस तारखेला, त्या सैनिक-स्मरणदिनी, त्यांनी रुग्णालयातून फोन करून, मुद्दाम कुरुम कुरुम आवाज करत ते बिस्किट खाल्लं होतं. "ऐकलंस? झाला सुरू."

आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात, ऐन थंडीच्या तोंडावर, पठारावर उगीचच चार दिवस उबदार आले.

त्या दिवसांत बेरिल जाळीशी यायला लागली. जीभ बाहेर काढत, मेरिन पिंजऱ्याच्या ज्या कोपऱ्याला जाईल त्या कोपऱ्याला डोकं नेत. त्याच आठवड्यात बाळाचं वजन करणारी नर्स येऊन गेली होती. काट्याकडे बघून म्हणाली, "साठच ग्रॅम वाढली गं. असू दे, बघू पुढच्या आठवड्यात." इतकं गोड बोलली की मेरिनने काट्यावरचा आकडा पुन्हा एकदा स्वतः वाचला. मग तिला दुसरं काही सुचेना. दूध पुरतंय का, कुणाचं पोट भरलंय, कुणाचं नाही, एवढंच डोक्यात. सकाळी सातला डोळे उघडायचे तेव्हाही ती स्वप्नात कुणाला तरी भरवत असायची.

मंगळवारी तिने फ्रीजरमधून, मटारच्या पिशवीखालचा, बेरिलच्या बिऱ्हाडाबरोबर आलेला, गोठवलेला एक मोठा उंदीर काढला. एका भांड्यात गरम पाणी घालून तो वितळायला ठेवला. शेजारच्या भांड्यात विनीच्या दुधाची बाटली कोमट होत होती. लांब चिमट्यात धरून तिने उंदीर पुढे केला. बेरिलने तो इतक्या झटक्यात घेतला की मेरिन दोन पावलं मागे सरली. मग तिथेच उकिडवी बसून ती बघत राहिली. जबडा सैल होतो, तोंड मोठं होत जातं, आणि एक अख्खं जेवण हळूहळू त्या काळ्या अंगात उतरतं. कुणीतरी पोटभर जेवलं. ती अंगणातून गुणगुणत घरात आली.

शुक्रवारी वारा फिरला.

शेजारची डेस्ली कुंपणावरून डोकावली. डेस्लीचा जन्म मेंढ्यांची लोकर कापणाऱ्यांच्या टोळ्यांना रांधून घालण्यात गेला होता. त्यामुळे जगातल्या कुठल्याही प्राण्याकडे बघितलं की तिला आधी त्याचं पोट दिसायचं.

"काय गं, तुझ्या बाईसाहेबांना दिवस गेले की काय?"

बेरिलच्या अंगाच्या मधोमध फुगवटा होता. मंगळवारी होता तेवढाच.

"जेवलीय ती," मेरिन म्हणाली.

"आत्ता? अगं, सकाळपासून रेडिओवर मेंढपाळांना इशारा देतायत. लोकर कापलेल्या मेंढ्या आत घ्या म्हणून. रविवारी बर्फ आहे. आणि तू हिला जेवायला वाढलंस?"

"डेस्ली, तुम्हाला सापातलं काय कळतं?"

"सापातलं नाही कळत. थंड चुलीवरचं जेवण मात्र चांगलं कळतं."

मेरिन जागच्या जागी उभी राहिली. तिला सगळं ठाऊक होतं, लहानपणापासून ठाऊक होतं. अजगराच्या पोटात चूल नसते. त्याची चूल बाहेर असते, उन्हात, तापलेल्या दगडात. अंग तापलं तर खाल्लेलं जिरतं, नाहीतर आतच कुजतं, आणि मग साप जातो. एवढ्याचसाठी तर तो नियम होता. आणि चार दिवसांच्या खोट्या उन्हाला भुलून ती तोच नियम विसरली होती.

नेविलचा फोन रोज अकराला यायचा, व्यायाम उरकला की. मागच्या आठवड्यात तिथल्या परिचारिकेने मेरिनला हसत विचारलं होतं, "तुमचे बाबा रोज दहा पावलं जास्त टाकतात, आणि दर पावलाला कुणा बेरिलचं नाव घेतात. तुमच्या आई का?" आई जाऊन वीस वर्षं झाली होती. ती गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी बेरिल घरात आली. त्यानंतर बाबा संध्याकाळी पिंजऱ्याशी खुर्ची टाकून बसत आणि दिवसभरात जे कुणाशी बोलले नसतील ते तिच्याशी बोलत. सप्टेंबरात घरी जायचं, बेरिलला पहिलं जेवण स्वतःच्या हाताने द्यायचं, एवढ्यासाठी तो म्हातारा अंथरुणातून उठत होता. बेरिल गेली तर ती पावलंही थांबतील. मेरिनला हे कुणी समजावून सांगायला नको होतं.

"बेरिल कशी आहे?" फोनवर त्यांचा पहिला प्रश्न.

"छान आहे."

"उन्हात आली होती?"

"आली होती." विनी खांद्यावर झोपेत उचकी देत होती. "बाबा, मी तिला खायला घातलं."

पलीकडे जेवणाच्या ताटांची गाडी खडखडत गेली.

"कधी?"

"मंगळवारी."

"केवढा?"

"मोठा."

"मी बिस्किट खाल्लं तेव्हा फोनवर तूच होतीस ना?"

"हो."

"मग?"

"ती भुकेली दिसत होती हो."

"ती एकोणीस वर्षं भुकेलीच दिसते, मेरिन! तो तिचा चेहरा आहे!" आणि फोन बंद.

मेरिन तशीच बसून राहिली. रडावं असं वाटलं, पण विनी जागी झाली असती. पाच मिनिटांनी फोन पुन्हा वाजला.

"लिहून घे," नेविल म्हणाले. आवाज अजून तापलेलाच होता, पण ताळ्यावर आलेला. "तिला हात लावायचा नाही. भरल्या पोटी उचललं तर ओकून टाकेल, आणि या वयात ते सोसायचं नाही तिला. ती पेटीत गेली की पेटीला पुढून जाळीचं दार लाव आणि घरासकट उचल. तुमची ती काचेची पडवी आहे ना, तिथे ठेव. दिवा एकाच टोकाला. दुसरं टोक गार. कुठे बसायचं ते तिचं तिला ठरवू दे. दहा दिवस. आणि मेरिन..."

"काय?"

"पेटी वाकडी करू नकोस गं, पोरी."

ड्युगल दुपारी कामावरून आला तेव्हा त्याला हे सगळं दारातच ऐकावं लागलं. डोक्यावरची लोकरीची टोपी न काढता तो म्हणाला, "म्हणजे बाळ आणि अजगर एका घरात. माझ्या आईला काय सांगू?"

"सांग की बाबांचं सामान आणलंय."

"पेटीच्या जाळीला दोन कड्या. आणि विनी पडवीत असेल तर तुझ्या हातातच. खाली ठेवायची नाही."

"नाही ठेवणार."

"आणि नावाने हाक मारायची नाही बेरिलला, मी जेवताना."

शनिवारी बेरिल पेटीत शिरल्यावर एका टोकाला ड्युगल, दुसऱ्या टोकाला मेरिन, आणि दार धरायला विनीला काखोटीला मारून डेस्ली, अशी वरात निघाली. "हळू! पायरी आहे!" डेस्ली ओरडली. "सरळ धरा की रे. एवढ्या जपून तर मी कधी नवऱ्यालाही घरात घेतलं नाही." पेटी जड होती, आणि आतून एकदा, अगदी एकदाच, वजन इकडून तिकडे सरकलं. मेरिनला वाटलं, हे आपल्याला ओळखीचं आहे. असंच काहीतरी आत सरकायचं, तीन महिन्यांपूर्वी, रात्रंदिवस.

रविवारी सकाळी बर्फ पडला. पठारावर कुठेही रेघ उरली नाही. कुंपण, रस्ता, पवनचक्क्यांची धार, सगळं एकात एक विरघळून गेलं. काचेच्या पडवीत मात्र दिव्याचा पिवळा डाग होता, आणि त्या डागात, पेटीच्या जाळीआड, बेरिल वेटोळं करून पडली होती, फुगवटा नेमका दिव्याखाली आणून. मेरिन वेताच्या खुर्चीत पांघरूण लपेटून बसली आणि विनीला पाजायला घेतलं.

मग तसे दिवस गेले. किती ते तिला नीट सांगता आलं नसतं. तिन्ही बाजूंच्या काचांबाहेर पांढरं, आत ऊब, आणि कुणालाच कुठे जायचं नाही. विनी प्यायची, झोपायची, पुन्हा प्यायची. दूध पिताना तिच्या कानाची पाळी हलायची. मेरिनचे डोळे मिटायचे आणि अर्धवट झोपेत तिला वाटायचं, आपल्या तिघींचं मिळून एकच पोट आहे, मोठं, उबदार, आणि त्यात काहीतरी अगदी हळू जिरतंय. उंदीर, दूध, मागचा उन्हाळा, आईचं जाणं, बाबांचं पडणं. घाई नाही. डोळे उघडले की बेरिल तिच्याकडे बघत असायची, किंवा बघत नसायची. पापण्या नसलेल्या डोळ्यांचं काही सांगता येत नाही. फुगवटा कालच्यापेक्षा कमी झालाय का, हे मात्र मेरिन रोज मनातल्या मनात मोजायची, आणि रोज तिला तो तेवढाच वाटायचा.

नवव्या दिवशी सकाळी पेटीतून असा वास आला की ड्युगल चहाचा कप घेऊन थेट अंगणात, बर्फाच्या चिखलात जाऊन उभा राहिला.

मेरिनने धावत फोन लावला. "बाबा! झाली!"

"काय झाली?"

"बेरिलला! खूप! आणि पोट सपाट आहे!"

नेविल हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले, आणि कुणालातरी म्हणाले, "सिस्टर, माझ्या बेरिलला साफ झाली हो!" सिस्टर काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

"आणि विनी?" त्यांनी विचारलं.

"तिलाही. काल दोनदा. आणि एकशे दहा ग्रॅम वाढली."

"देवा," ड्युगल दारातून म्हणाला, "या घरात कधीतरी दुसरं काही बोलतील का?"

मेरिनला वाटलं, झालं. संपलं. पण नेविल म्हणाले, "आता दिवा रोज थोडा कमी कर. आठवड्याने तिला बाहेर ने."

"बाहेर? बाबा, जूनमध्ये? राहू दे ना तिला आत. सप्टेंबरपर्यंत. मी बघते तिच्याकडे. मला काही त्रास नाही."

"तुला नाही. तिला आहे. उबेत ठेवलीस तर ती जागीच राहील, खायला मागेल, तू घालशील, आणि हे असंच चालू राहील. तिच्या अंगाला हिवाळा कळू दे. एकोणीस हिवाळे काढलेत तिने."

"समुद्रकाठचे. इथले नाही."

"म्हणून तर पेटीत गवत जास्त भर, आणि पत्र्याच्या बाजूने पोती लाव." मग आवाज उतरवून म्हणाले, "मेरिन, मलाही भीती वाटते. रोज वाटते. तुला म्हणून सांगितलं."

त्या आठवड्यात ती पडवीत बसली की दिवा कमी झालेला जाणवायचा. बेरिल एका जागी जास्त वेळ पडून राहायला लागली. श्वास इतका लांब की मेरिन दुसऱ्याची वाट बघत आपला रोखून धरायची. एकदा मनात आलं, बाबांना सांगावं की नेली बाहेर, आणि ठेवावी इथेच. कोण बघायला येणार होतं? विनी मेरिनकडे टक लावून बघत होती. ती हल्लीच बघायला शिकली होती.

निरभ्र सकाळ बघून त्यांनी पेटी पुन्हा अंगणात नेली. पोती बांधली, गवत भरलं. ड्युगलने दोन्ही कड्या काढल्या आणि विनीला घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसला. गवतावरचं दहिवर अजून पांढरं होतं.

नाक बाहेर आलं. जीभ आली, गेली. मग डोकं, मग मान, मग ती सगळी सायीची फुलं एकामागोमाग एक उन्हात सरकत आली, ओंडक्यावर चढली आणि थांबली. मेरिनने हात पुढे केला, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा, आणि तळवा तिच्या पाठीवर ठेवला. गार होती ती, नदीतला गोटा असावा तशी. तळव्याखाली काहीतरी अगदी सावकाश पुढे सरकलं, आणि तिच्या हाताखालून निघून गेलं.

"मेरिन," पायरीवरून ड्युगल म्हणाला, "हिला भूक लागलीय बहुतेक."

तिने पिंजऱ्याचं दार लावलं, कडी घातली आणि कोटाची बटणं सोडत पायरीकडे वळली. "आण इकडे," ती म्हणाली, आणि तिथेच उन्हात बसून विनीला जवळ घेतलं. ओंडक्यावरची बेरिल बराच वेळ हलली नाही. मेरिननेही मग तिकडे बघणं सोडून दिलं.