मास्तरांच्या गळ्यातील दुर्बीण

मित्रांनो, कपाटाच्या वरच्या फळीवरून हा जो खरखरीत आवाज येतो आहे, तो माझा. मी एक जुनी दुर्बीण आहे. माझी मधली बिजागरी गंजली आहे, पट्टा तडकला आहे आणि काचांत बुरशीचे जाळे धरले आहे. म्हणून थोडे सावकाश सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तेथील एका कारागीर बाईने माझ्या काचा फार मायेने घासल्या. दोन नळ्यांतली दोन चित्रे एक होईपर्यंत तिने मला हातातून खाली ठेवले नाही. पुढे दुकानाच्या काचेआड काही काळ धूळ खाल्ल्यावर मी कटिंग मास्तरांच्या घरी आले.

मास्तर कपडे शिवण्याच्या एका मोठ्या कार्यशाळेत कापड कापत. त्यांच्या कात्रीची रेष कधी वाकडी गेली नाही. कार्यशाळेतील मंडळींचा एक गट होता. वर्षातून एकदा सारे जण घरच्यांना घेऊन, बस करून घोड्यांच्या शर्यती पाहायला जात. प्रत्येकाने एक घोडा निवडायचा आणि ज्याचा घोडा सर्वांत मागे राहील त्याने परतताना बसमध्ये गाणे म्हणायचे, एवढीच त्यांची पैज. काजे-बटणे करणारे बटणराव भलतेच बेसूर होते. त्यामुळे त्यांचा घोडा जिंकावा असे साऱ्यांनाच मनापासून वाटे.

मैदान लांबलचक होते. पलीकडच्या वळणावर घोडे म्हणजे नुसते ठिपके. मग मास्तर मला डोळ्यांना लावत, बोटाने माझे चाक फिरवून चित्र स्वच्छ करत आणि मोठ्याने शर्यत सांगू लागत. कोणत्या रंगाच्या टोपीचा स्वार पुढे, कोणता मागे, कोण दबा धरून आहे. सारा गट त्यांच्याभोवती श्वास रोखून उभा राही.

"मास्तर, तुमच्यापुढे रेडिओ पाणी भरतो!" गटातला इस्त्रीवाला म्हणे. तेव्हा माझ्याही अंगावर मूठभर मांस चढे.

वर्षे सरली. कार्यशाळा बंद झाली. गटातील माणसे पिकली, पण शर्यतींची सहल चालू राहिली. मात्र एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मास्तर मला डोळ्यांना लावत, पण माझे चाक फिरवेनासे झाले होते. चित्र धूसर असले काय नि स्वच्छ असले काय, त्यांना सारखेच होते.

घरी त्यांच्या पत्नीला सारे ठाऊक होते. मास्तरांच्या चपला ती रोज एकाच जागी ठेवी, पेला त्यांच्या हातातच देई.

"अहो, सांगून टाका ना त्यांना," ती एकदा म्हणाली.

"काय सांगू? कापडावर सरळ कात्री चालवणारा माणूस आता भिंत धरून चालतो, हे?" मास्तर म्हणाले. "लोक कीव करतील. ती मला नको."

सहलीच्या दिवशी तिनेच मला पुसून त्यांच्या गळ्यात अडकवले.

त्या दिवशी ऊन कडक होते. इस्त्रीवाल्याने पांढऱ्या टोपीच्या स्वाराचा घोडा निवडला होता. शर्यत सुटली. टापांचा आवाज दूर गेला आणि मास्तर बोलू लागले, "पांढरी टोपी मागे आहे... आता सरकतेय... अरे, वळणावर तिनं सगळ्यांना मागं टाकलं!" माझ्या नळ्यांपाशी टेकलेले त्यांचे डोळे कुठेच पाहत नव्हते. ते टापा ऐकत होते आणि मित्राला आवडेल ते सांगत होते. "जिंकली! पांढरी टोपी जिंकली!"

इस्त्रीवाला नाचू लागला. मग हळूहळू थांबला. घोडे कुंपणाजवळून गेले होते आणि त्यांत त्याचा घोडा नव्हताच. पांढऱ्या टोपीचा स्वार वळणावरच पडला होता. लोक त्याला उठवत होते. तो दंड धरून उभा राहिला, तेव्हा कुठे साऱ्यांच्या जिवात जीव आला.

"मास्तर," इस्त्रीवाला हळूच म्हणाला, "तो तर पडला होता."

मास्तरांनी मला खाली घेतले. "मला दिसत नाही रे," ते म्हणाले. "उजेड आणि सावली, बस. दमलो मी आता सोंग करून."

मग बटणराव उसळले, "आणि आम्हाला पत्ता नाही! आम्ही काय परके आहोत? इतकी वर्षं काय नुसती बटणंच लावली का आम्ही?" बोलता बोलता ते दुसरीकडे पाहू लागले.

"वहिनी," मला मास्तरांच्या पत्नीच्या हाती देत इस्त्रीवाला म्हणाला, "पुढची शर्यत तुम्ही सांगा."

मित्रांनो, इतक्या वर्षांत तिच्या डोळ्यांना मी कधी लागलेच नव्हते. तिने चाक आधी उलटे फिरवले, मग सुलटे. "अगं बाई! घोड्यांना एवढ्या लांब पापण्या असतात?"

"टोप्या सांग, टोप्या!" मास्तर म्हणाले.

"टोप्या राहू द्या. तो सगळ्यांत मागचा काळा आहे ना, त्याच्या मानेवर फेस आलाय. फार दमलाय बिचारा."

"थांबला का?"

"थांबत नाही. पण आता घाईही करत नाही. आपला आपण येतोय."

मास्तर गवतावर बसले. "मग त्याचंच सांग," ते म्हणाले.

पुढे कोण जिंकले, त्या गटाला कळलेही नाही. काळा घोडा रेषेपार जाईपर्यंत ती सांगत राहिली आणि सारे ऐकत राहिले.

त्यानंतर काही वर्षे शर्यत तीच सांगे. मग मास्तर गेले, गट विरळ होत गेला, सहल बंद पडली. ती लेकीकडे राहायला गेली आणि तिच्या सामानाबरोबर मी लेकीच्या घरच्या या फळीवर आले. येथे मला कोणी उघडत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला अधूनमधून वारा दाखवा, काचा मऊ फडक्याने पुसा. आणि घरात ज्याला दिसेनासे, ऐकू येईनासे झाले असेल, त्याच्यावर सोंग करण्याची वेळ आणू नका. त्याच्या शेजारी बसा आणि तुम्हाला काय दिसते ते त्याला सांगा. खरे तेच सांगा.

एवढेच सांगायचे होते. आता मला थोडे पडू द्या.