अदलाबदलीची वाट

बुद्धिबळात काळे मोहरे वाट्याला आले की मामा उभ्या आयुष्यात एकच सुरुवात खेळला: फ्रेंच बचाव. पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं की हा आपलं एकच घर सरकवणार आणि पुढच्या चालीला शेजारचं प्यादं त्याच्या अंगावर घालणार. चिवट बचाव, पण जीव काढणारा. आपलाच उंट आपल्याच प्याद्यांमागे अडकून पडतो. दिवसभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून आलेल्या माणसाला हे नसते उद्योग कशाला हवेत, ते त्याच्या बहिणीला कधी कळलं नाही.

बहिणीच्या मुलीला, टिटवीला, खेळ त्यानेच शिकवला. पांढऱ्याच्या मुख्य वाटा तिला लहानपणीच पाठ होत्या. प्यादं पुढे रेटून काळ्याला कोंडायचं, ही एक. घोडा काढून प्याद्याला आधार द्यायचा, ही दुसरी. तिथे काळा उंटाने तो घोडा जखडून टाकतो आणि दोघांच्याही डोक्याचा भुगा होतो. तिसरी अदलाबदलीची: प्याद्याने प्यादं मारायचं, दोन्ही बाजू सारख्या करायच्या आणि बहुधा बरोबरीत सुटायचं. "ज्याला लवकर घरी जायचंय, तो अदलाबदल करतो," मामा नाक मुरडून म्हणायचा.

राज्य संघाच्या निवड स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत दोघं समोरासमोर आले. टिटवीला संघात जायला विजयच हवा होता. मामाला बरोबरीचा अर्धा गुण पुरे होता. तेवढ्यावर त्याला मास्टर किताब मिळणार होता. किताबासाठी त्याने केस पांढरे केले होते आणि आता तो खरोखर थकला होता. ही आपली शेवटची स्पर्धा, असं त्याने घरी सांगूनही टाकलं होतं.

तिसऱ्या चालीला टिटवीने प्यादं मारलं. अदलाबदल.

मामाने वर पाहिलं. ती पटाकडेच बघत होती, कान लाल झाले होते. पोरगी त्याला किताब देऊन स्वतः घरी बसायला निघाली होती. त्याला आधी राग आला आणि मग, खोटं कशाला बोला, हायसं वाटलं. पाठ दुखत होती. आणखी थोड्या चाली, हात मिळवायचा, संपलं.

टिटवीने राजा आपल्या उजवीकडे, हत्तीच्या आड सुरक्षित नेला. मामानेही समोर तेच करायचं, म्हणजे सगळं शांत. त्याचा हात राजाकडे गेलासुद्धा. पण त्याने राजा उचलला आणि उलट्या बाजूला, वजिराकडे नेला. आता दोन राजे दोन टोकांना, म्हणजे दोघांनाही समोरच्या राजावर प्यादी सोडायला रान मोकळं. या पटावर कुणीतरी मरणारच होतं.

"बरोबरी?" टिटवीने हळूच विचारलं.

"खेळ."

"मामा, अरे..."

"घड्याळ चालू आहे तुझं."

मग ती खेळली. सुरुवातीला रडवेल्या चेहऱ्याने, नंतर तो चेहरा विसरून. मामानेही हातचं राखलं नाही. प्यादी तिच्या राजावर सोडली, हत्ती मोकळे केले, एकदा तर तिला घाम फोडला. पण तिची प्यादी एक पाऊल आधी पोहोचली. त्याचं डोकं दुपारनंतर बधिर झालं होतं. बचावाची एक चाल त्याला दिसलीच नाही. त्याने राजा आडवा केला, पंचाच्या कागदावर सही केली आणि बाहेर जिन्यात जाऊन बसला.

टिटवी मागोमाग आली. संघात निवड झालेल्या मुलीसारखी ती अजिबात दिसत नव्हती.

"मी देत होते ना तुला?"

"देत होतीस. मला घेववलं नाही."

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. 

"खरं सांग मामा. माझ्यासाठी हरलास?"

हो म्हटलं असतं तर त्याची मान ताठ राहिली असती. बहिणीने चार ठिकाणी कौतुकाने सांगितलंही असतं. पण पोरगी मग जन्मभर हा विजय उसना समजून वागवत राहिली असती.

"नाही गं. जिंकायलाच खेळलो. जमलं नाही."

टिटवीने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिला ते पटलं, आणि मामाला त्याचंच सगळ्यात जास्त लागलं.