दोन्ही ठेवा

माऊस त्याच्या हातून असा आपटला, की शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी मान वर केली.

"काय झालं रे चिंगूस?"

"काही नाही. हात सटकला."

रुग्णालयाच्या या खोलीत जखमांचे फोटो साठवत. मारहाणीचे, अपघातांचे, मेलेल्यांचे, सगळे मिळून साडेचार लाख. बॅकअपची डिस्क काठोकाठ भरली होती आणि नवी मागायची तर वर्ष गेलं असतं, म्हणून तो सकाळपासून जागा काढत बसला होता. या कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. मिटलेल्या प्रकरणांचे फोटो दाबून दहाव्या हिश्श्यावर आणायचे, एकसारखे दोन दिसले की एक उडवायचा. एकसारखे हुडकून देणारा प्रोग्राम होता, पण त्याची अट यानेच सैल करून ठेवलेली. थोडं उन्नीस-बीस असलं तरी जोडी म्हणून दाखव, पुढचं मी बघतो! चिंगूस हे नाव काही उगाच पडलं नव्हतं.

आत्ता पडद्यावर अशीच एक जोडी होती. दोन उघड्या पाठी. उजवीकडची आज सकाळची, वरच्या वॉर्डातल्या कुणा बाईची. खांद्यापासून कमरेपर्यंत कातडी फाटलेली, काळेनिळे वळ एकमेकांवर चढलेले. डावीकडची अकरा वर्षांपूर्वीची. त्या फाइलचा क्रमांक त्याला तोंडपाठ होता आणि ती फाइल त्याने आजवर एकदाही उघडली नव्हती. ती ताईची पाठ होती.

खाली दोन बटणं होती. 'एक उडवा' आणि 'दोन्ही ठेवा'.

ताई जिन्यावरून पडून गेली, असं दाजींनी सांगितलं होतं. पायऱ्यांच्या कडा लागल्या, असं कागदावर चढलं आणि प्रकरण मिटलं. मिटलं म्हणूनच तीन वर्षांपूर्वी त्याने इतरांबरोबर तिचाही फोटो न बघता दाबून टाकला होता. आता मोठा करून पाहतो तर जखमांच्या जागी नुसते मातकट ठिपके. पायरी म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा.

"अरे माझ्या कर्मा," तो पुटपुटला.

त्याने खाली वाकून टेबलाच्या डगमगत्या पायाखालची, दाबण्याआधीचे फोटो असलेली जुनी डिस्क ओढून काढली. ती फोडून टाकायचा हुकूम होता. चांगली चालती वस्तू फोडायची कशी, म्हणून त्याने ती तिथे सारली होती. डिस्क दोनदा कुरकुरली आणि चालू झाली.

मूळ फोटोत सगळं होतं. ताईच्या पाठीत सहा ठिकाणी रुतलेला चौकोन, आणि दर चौकोनाचा एक कोपरा गायब. सकाळच्या पाठीवर तसेच नऊ.

ते बक्कल त्याने ओळखलं. पहिल्या पगारातून दाजींना पट्टा त्यानेच घेतला होता. कोपरा उडालेला म्हणून दुकानदाराने निम्म्यात दिला, आणि हा केवढा खूश झाला होता! समोरची वायर घ्यावी आणि जीभ बाहेर येईपर्यंत त्या माणसाच्या गळ्याभोवती आवळावी, असं वाटून त्याने ती खरंच मुठीत धरली.

"सापडलास बाबा एकदाचा!"

दारात दाजी उभे होते. दुसऱ्या लग्नानंतर चांगले गरगरीत झाले होते.

"अरे, ही पडली जिन्यावरून. तुझ्या ताईसारखीच वेंधळी. आता सोडतायत म्हणे, घरी घेऊन जातो. तुझी ओळख आहे, जरा कागद लवकर हलवायला सांग."

पडदा दाराकडे पाठ करून होता. मॅडमना मात्र तो दिसत होता.

"सांगतो की." त्याने वायर टेबलावर ठेवली. "दाजी, तोच पट्टा का अजून?"

"तुझाच! मजबूत चीज आहे."

"कोपरा उडालेला दिला मी तुम्हाला. मनाला लागून राहिलंय. द्या इकडे, बक्कल बदलून देतो."

"आता हे काय सुचलं तुला!"

दाजी हसले, पण एका झटक्यात पट्टा कमरेतून सळकन बाहेर आला, आणि हसता हसताच त्याच्या टोकाने त्यांच्या मुठीभोवती दोन वेढे घेतले. बक्कल खाली लोंबत राहिलं. दाजींचं आपल्याच मुठीकडे लक्ष गेलं. त्यांनी वेढे सोडवले आणि पट्टा त्याच्या हातात दिला.

मॅडम उठल्या. "तुम्ही बसा हं. वॉर्डात कागदांचं मीच बघते," म्हणत त्या बाहेर पडल्या, आणि जिन्यावर त्यांची पावलं पळताना ऐकू आली.

त्याने पट्टा कोपऱ्यातल्या स्टँडवरच्या कॅमेऱ्याखाली मांडला. शेजारी मोजपट्टी ठेवली.

"फोटो कशाला?" विजार एका हाताने सावरत दाजींनी विचारलं.

"माप नको का बक्कलाचं?"

त्याने कॅमेरा सगळ्यात मोठ्या आकारावर लावला. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच. एकाच जागेवरून एकसारखे तीन फोटो काढले, आणि तीनही ठेवले.