तीन दिवसांची माती

तीन दिवस आम्ही दीडपटाच्या माळावर माती वाहत होतो. आटलेल्या तळ्यातला गाळ माझ्या ट्रॉलीत भरायचा, चढ चढायचा आणि खडकावर ओतायचा. शेजारधर्म म्हणून गेलो, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मजा बघायला गेलो होतो.

दीडपट म्हणजे आमचा शेजारी. दोन पोती धान्य झालं की तीन सांगायचा, म्हणून गावानं ठेवलेलं नाव. तोंडावर आम्ही तात्या म्हणायचो. त्याच्या माळाकडे शेळ्यासुद्धा अगदीच नाइलाज झाला तर वळायच्या. आता त्याच्या मुलाला नदीपलीकडचं स्थळ आलं होतं आणि हा त्यांना सांगून बसला होता, "जमीन काळीभोर. पुरुषभर खोल गेलात तरी खडा लागायचा नाही." मुलीचा बाप म्हणाला, गुरुवारी येऊन बघतो.

"तात्या, मुलीचा बाप करतो काय?" मी विचारलं.

"विहिरी खोदतो."

मी ट्रॅक्टरच बंद केला. "आणि त्या माणसाला तुम्ही माती दाखवणार?"

"अरे, तो खालचं बघणारा माणूस. वरचं त्याला काय कळतंय?"

मुलगा पस्तिशीला टेकलेला, अबोल. तो एवढंच म्हणाला, "तात्या, नका करू हे."

"तू गप्प बस," बाप म्हणाला. "गप्प बसूनच बिनलग्नाचा राहिलायस."

गुरुवारी सकाळी तात्यानं गाळावर घागरीनं पाणी शिंपलं, काळा रंग उठून दिसावा म्हणून. विहीरवाला आला. बरोबर मुलगीही आली. बापाच्या हाताखाली पंधरा वर्षं विहिरीत उतरलेली, मनगटं तात्याच्या पिंढऱ्यांएवढी. तात्यानं हात पसरून माळ दाखवला, जसं काही त्यानंच तो जन्माला घातला होता.

विहीरवाल्यानं मूठभर माती उचलली, चुरडली, नाकाशी नेली. मग तिच्यातून एक शिंपला काढून तळहातावर धरला.

"पाहुणे, तळं टेकडीवर कधी चढलं?"

"आमच्याकडे पूर्वी समुद्र होता म्हणतात," तात्या म्हणाला. मी तोंडावर उपरणं धरलं.

मुलगी पुढे आली. तिनं बरोबर आणलेली पहार घेतली आणि जमिनीत हाणली. वीतभर गेली आणि खणकन वाजली. तिनं गाळ बाजूला सारला. खाली दबलेलं गवत होतं, अजून ओलं, हिरवं.

"काका, गवत मेलंसुद्धा नाही अजून," ती म्हणाली. "माती कालपरवाचीच दिसते."

"आमच्याकडची माती जरा लवकर होते, बाई."

विहीरवाला मात्र हसला नाही. तो खाली बसला. "तात्या, मी जन्मभर जमीन उभी चिरून बघितलीय. खडक उन्हानं तडकतो, फटीत पाणी जातं, मुळं जातात, किडामुंगी राबते, पाला कुजतो. दहा पिढ्या जातात तेव्हा कुठं बोटभर माती होते. तीही चढावर राहत नाही. बारीक कण पाणी खाली नेतं, भरड तेवढी वर उरते. खऱ्या जमिनीत वरच्या काळ्यापासून खालच्या मुरमापर्यंत रंग हळूहळू उतरत जातो. तुमच्याकडे तर वर गादी आणि खाली दगड."

तात्यानं पायानं गाळ पुन्हा त्या गवतावर ओढला. विहीरवाला उठला, धोतर झटकलं. स्थळ गेलं, असं मी मनाशी म्हटलं. कुणालातरी सांगायची मला घाई झाली होती.

पण मुलगी उताराच्या कडेला गेली होती. तिथं ट्रॉली पोचत नव्हती, म्हणून गाळही नव्हता. दगडांचे गुडघाभर उंच बांध होते, एकाखाली एक. तिनं तिथं पहार मारली. आवाज आला नाही. हात घालून तिनं ढेकूळ काढलं. तपकिरी, भुसभुशीत, मुळ्यांनी भरलेलं. एक गांडूळ वळवळत बाहेर आलं.

"हे कुणी केलं?"

"मी," मुलगा म्हणाला.

"किती वर्षं?"

"नऊ. पण माती काही मी केली नाही. वरून वाहून जाते ती अडवली. पाला टाकला, शेण टाकलं. फक्त हातभर साचलीय."

"आणि एवढे दिवस सांगितलं का नाहीत कुणाला?"

"घरात सांगणारा एकच पुरे होता."

ती हसली. बापाकडे वळून म्हणाली, "बाबा, मला चालेल. पण एक अट आहे. हा गाळ इथं उघड्यावर पडला तर चार पावसांत पुन्हा तळ्यात जाईल. तो सगळा या बांधांच्या आत आला पाहिजे. आणि ज्यानं आणला, त्यानंच तो टाकायचा."

मी लगेच म्हणालो की माझा ट्रॅक्टर नादुरुस्त आहे.

लग्न झालं. आता रोज सकाळी तात्या डोक्यावर पाटी घेऊन उतरतो. वरून सून ओरडते, "मामंजी, बांधाच्या अलीकडे टाका! पलीकडे नको!" आणि आम्ही रस्त्यावर उभे राहून बघतो. मदतीला कुणी जात नाही. परवा न राहवून मी विचारलंच, "तात्या, जमीन कधी तयार होणार?"

तात्यानं पाटी खाली ठेवली, घाम पुसला आणि वर चढावाकडे बघितलं.

"सूनबाई म्हणते, नातवंडांना विचारा."